कागदी मिनी घरी बनवायच्या तर कोणत्या? तंबू, गोल पाया, क्लिप आणि खाच यांची तुलना

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखा, पात्रं घेऊन गोष्ट खेळायचा खेळ घरी सुरू झाला की दोन-तीन बैठकांतच पटावर बाटल्यांची बुचं, लुडोच्या सोंगट्या आणि खोडरबराचे तुकडे उभे राहतात. त्यातला जखमी गॉब्लिन कोणता आणि धनुर्धारी कोणता, हे मग खेळ चालवणाऱ्या डीएमलाही सांगता येत नाही. प्लास्टिकच्या तयार मिनी, म्हणजे पात्रांच्या आणि शत्रूंच्या छोट्या उभ्या आकृत्या, महाग पडतात आणि एका मोहिमेला लागणाऱ्या तीस-चाळीस शत्रूंसाठी तेवढा खर्च करणं बहुतेकांना परवडत नाही. कागदी मिनी हा यावरचा जुना आणि चांगला तोडगा आहे. अमेरिकेतल्या स्टीव्ह जॅक्सन गेम्सने १९८० साली ‘कार्डबोर्ड हीरोज’ या नावाने पुठ्ठ्याच्या रंगीत मिनी विकायला काढल्या, आणि तेव्हापासून या खेळात कागदाला हक्काची जागा आहे.

घरी बनवायला बसणारे बहुतेक जण चित्रापासून सुरुवात करतात. चित्र झकास होतं, छापून येतं, आणि मग ते उभं कसं करायचं हा प्रश्न पडतो. क्रम उलटा हवा. आधी पाया ठरवा. पायावरून पट्टीची लांबी ठरते, लांबीवरून एका पानावर किती मिनी बसतात ते ठरतं, घडीवरून कागद ठरतो आणि कागदावरून छपाई कुठे करायची ते ठरतं. चित्र या सगळ्यानंतर येतं, कारण त्याला किती जागा मिळणार हे तोवर कळलेलंच नसतं.

मापं, जी चारही प्रकारांना लागू आहेत

पटावरचं एक घर १ इंच, म्हणजे २५.४ मिमी, आणि खेळातलं अंतर ५ फूट. माणसाएवढे आणि त्याहून लहान जीव एका घरात मावतात. ‘लार्ज’ जीवाला २ × २ घरं, ‘ह्यूज’ला ३ × ३, ‘गार्गँच्युअन’ला ४ × ४. म्हणून माणसाच्या मिनीचा पाया २५ मिमीच्या आतच हवा. माणसाचं चित्र डोक्यापासून पायापर्यंत ३० ते ३२ मिमी ठेवलं, वर तलवार किंवा भाल्यासाठी थोडी जागा सोडली, की ३५ मिमीची चौकट पुरते. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २५ × ३५ मिमी म्हणजे साधारण २९५ × ४१३ पिक्सेल. एवढ्या जागेत चेहरा जेमतेम ४ ते ५ मिमीचा होतो, त्यामुळे डोळे म्हणजे दोन ठिपके. बारीक रेषा ०.३ मिमीपेक्षा पातळ ठेवू नका, त्या छपाईत तुटतात. जीव ओळखू येतो तो बाह्याकृतीवरून: शिंगं, ढालीचा आकार, झग्याचा घेर. चेहऱ्यावर तासभर घालवण्यापेक्षा दोन हात अंगापासून सुटे दिसतील अशी मुद्रा निवडण्यात दहा मिनिटं घालवलेली बरी.

छापताना एक गोष्ट कधीही विसरू नका: प्रिंटच्या खिडकीत ‘अॅक्च्युअल साइझ’ किंवा १०० टक्के. परदेशी संकेतस्थळांवरच्या बऱ्याच फाइली अमेरिकन लेटर आकाराच्या, म्हणजे ८.५ × ११ इंचाच्या असतात. ‘फिट टू पेज’ ठेवलं तर ए४ च्या रुंदीत बसवण्यासाठी त्या साधारण ९७ टक्क्यांवर येतात. एका मिनीत फरक जाणवत नाही. पटाच्या दहा घरांत मात्र जवळपास ७ मिमीची तूट पडते, आणि दोन पानं शेजारी जोडली की रेषा जुळत नाहीत. पानाच्या कोपऱ्यात २५ मिमीची एक पट्टी छापून ठेवा आणि पहिलं पान बाहेर येताच पट्टीने मोजा.

तंबू

सगळ्यात सोपा प्रकार. एका लांब पट्टीवर पुढचं चित्र, त्याच्या डोक्यावर उलटं मागचं चित्र, खाली पाया आणि शेवटी चिकटवायची कड. ४० + ४० + २२ + ८ मिमी, एकूण ११० मिमी. रुंदी २५. पायाची खोली पूर्ण २५ न ठेवता २२ ठेवायची, कारण शेजारशेजारच्या घरांतले दोन तंबू एकमेकांना ढकलतात आणि लढाईत सहा जण एका ट्रोलला घेरतात तेव्हा हे सतत होतं. ए४ वर चारही बाजूंना १० मिमी सोडले तर उरलेल्या १९० × २७७ मिमीत एका ओळीला सात, अशा दोन ओळी, म्हणजे १४ तंबू बसतात.

तंबूला वेगळा पाया लागत नाही, गोंद एकाच ठिकाणी लागतो आणि हात बसला की एक मिनी दोन मिनिटांत होते. पण चित्र मागे कललेलं असतं. टेबलाच्या पलीकडे खुर्चीत बसलेल्याला ते नीट दिसतं, जवळून बघणाऱ्याला मात्र बुटकं वाटतं. बाह्याकृतीप्रमाणे कापता येत नाही, चौकट तशीच राहते. आणि वजन अगदीच नगण्य: १६० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागदाचा तंबू अर्ध्या ग्रॅमपेक्षाही हलका असतो. आपल्याकडे खेळ पंख्याखाली चालतो. पंखा तीनवर गेला की तंबूंची रांग सरकते आणि मग कोण कुठल्या घरात होतं यावरून वाद. तळाच्या आत पुठ्ठ्याचा दुहेरी तुकडा चिकटवला तर थोडा फरक पडतो, पण मग तंबूचा वेगाचा फायदा निम्मा जातो.

लार्ज आकाराला, म्हणजे ५० मिमी रुंदीला, १६० जीएसएमचा तंबू मधून आत दबतो. तिथे २२० ते २५० जीएसएम लागतो. त्याहून मोठ्या जीवांसाठी तंबूच्या वाटेला जाऊ नका.

चपटी मिनी, गोल पायावर

इथेही पुढचं आणि मागचं चित्र डोक्याला डोकं लावून येतं, पण दोन्ही बाजू पाठीला पाठ चिकटवून एकच दुपदरी तुकडा होतो. खाली दोन लहान कडा असतात. एक पुढे दुमडायची, दुसरी मागे, आणि त्या गोल चकतीवर चिकटवायच्या. इथली मापं नेमकी पाळा: कड ८ मिमी खोल आणि १८ मिमी रुंद. दोन्ही उघडल्यावर १६ × १८ मिमीचा आयत होतो, त्याचा कर्ण २४ मिमी, म्हणजे २५ मिमीच्या वर्तुळात तो कोपऱ्यांसकट मावतो. कडा पूर्ण रुंदीच्या ठेवल्या की कोपरे चकतीबाहेर येतात आणि ते एकेक कापत बसण्यात संध्याकाळ जाते.

पट्टी ३५ + ३५ + ८ + ८, म्हणजे ८६ मिमी. ए४ वर सातच्या तीन ओळी, २१ मिनी.

चकती आखायला २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं किंवा २०१९ च्या मालिकेतलं पाच रुपयांचं नाणं घ्या. दोन्हींचा व्यास २५ मिमी आहे. नाणं फक्त आखण्यापुरतं. वजनासाठी हार्डवेअरच्या दुकानात एम-१२ चे वायसर मागा: बाहेरचा व्यास २४ मिमी, जाडी अडीच मिमी, वजन सुमारे ६ ग्रॅम. अर्ध्या ग्रॅमच्या कागदाखाली ६ ग्रॅम लोखंड आलं की पंख्याची चिंता मिटते. दुकानात मोजपट्टी घेऊन जा, कारण त्याच नावाने मिळणाऱ्या हलक्या वायसरची जाडी कमी असते. वायसरच्या खाली कागदाची दुसरी चकती लावा, नाहीतर छापील पटावर आणि काचेच्या टेबलावर ओरखडे उठतात. त्याच खालच्या चकतीवर क्रमांक लिहिता येतो.

कष्ट इथे जास्त आहेत. कापणं, चिकटवणं, दाबून ठेवणं, पुन्हा कापणं, चकती, वायसर. एका मिनीला सहा ते आठ मिनिटं धरा. पण बाह्याकृतीप्रमाणे कापलेली, काळी कड असलेली आणि हाताला वजन लागणारी ही मिनी वर्षभर टिकते. खेळाडूंच्या पात्रांसाठी आणि मोहिमेच्या मुख्य खलनायकासाठी दुसरा विचारच करू नका.

चपटी मिनी, बाइंडर क्लिपवर

वरचीच पट्टी, फक्त खालच्या दोन कडा न उघडता एकमेकींना चिकटवायच्या आणि १५ मिमीच्या बाइंडर क्लिपमध्ये घालायच्या. आधी मिनी क्लिपमध्ये बसवा, मग क्लिपचे तारेचे कान आतल्या बाजूला दाबून काढून घ्या. कान आधी काढले तर क्लिप उघडायला काही उरत नाही आणि कागद जोराने सरकवताना त्याची कड फुटते. मिनी बदलायची झाली की कान परत बसवा.

क्लिपचा मोठा फायदा म्हणजे पाया पुन्हा वापरता येतो. दोन डझन क्लिपांवर शंभर मिनी आलटून पालटून चालतात, आणि उरलेल्या पाकिटात सपाट राहतात. तोटा दिसण्यातला: काळा त्रिकोणी ठोकळा पायाशी येतो आणि चित्राचे पाऊल दिसेनासे होते. म्हणून क्लिपसाठी चित्राखाली ८ मिमीची कड नक्की सोडा. १९ मिमीची क्लिप लार्ज जीवांना चालते, पण ५० मिमीच्या घरांच्या मानाने पाया लहान दिसतो आणि जीवाने किती जागा व्यापली आहे ते कळत नाही. तिथे क्लिपखाली ५० मिमीचा चौकोन चिकटवा.

एकाच पट्टीवर गोल पाया आणि क्लिप दोन्ही जमतात, हे चपट्या मिनीचं सगळ्यात मोठं बळ आहे. आज क्लिपवर खेळा, आवडलेली मिनी पुढे वायसरवर न्या. तंबूला ही सोय नाही.

खाचेची

मिनीच्या तळाला मधोमध ८ मिमीची उभी खाच, २५ × १५ मिमीच्या दुसऱ्या तुकड्याला वरून तेवढीच खाच, आणि दोन्ही एकमेकांत अडकवायचे. वरून पाहिलं की अधिकचं चिन्ह दिसतं. गोंद नाही, लोखंड नाही, सुटं करून ठेवता येतं. छापील सप्लिमेंटसोबत, म्हणजे साहसाच्या जोडपुस्तिकेसोबत, पाकिटात घालून कोणाला द्यायचं असेल तर हा प्रकार सुटसुटीत.

बिघडतं ते एकाच ठिकाणी. ब्लेडने एकच रेघ मारून खाच केली की तिला रुंदी नसते. त्यात कागद घुसवला की मिनी वाकते किंवा पाया पंख्यासारखा पसरतो. खाचेची रुंदी समोरच्या तुकड्याच्या जाडीएवढी हवी: ३०० जीएसएमच्या एका पदराला सुमारे ०.४ मिमी, दोन चिकटवलेल्या पदरांना ०.८ मिमी. म्हणजे शेजारशेजार दोन काप देऊन मधली काडी काढायची. वीस मिनींसाठी हे ४० खाचांचं काम होतं आणि त्यात बोटं दुखतात. १० ते १२ वेळा काढघाल झाली की खाच सैल होते. घरच्या नेहमीच्या खेळासाठी हा पर्याय निवडू नका.

पाचवा पर्याय म्हणजे २५ मिमीची आडवी गोल टोकनं. ती पडतच नाहीत आणि एका पानावर सत्तरच्या आसपास बसतात. टेबलाच्या पलीकडून ती ओळखू येत नाहीत, पण उंदरांचे थवे, गावकरी आणि वीस सांगाड्यांची फौज यांना तेवढं पुरतं.

| | तंबू | गोल पाया | क्लिप | खाच |
|---|---|---|---|---|
| ए४ वर किती | १४ | २१ | २१ | २१, पायाचे तुकडे वेगळ्या पानावर |
| एका मिनीला वेळ | २ मिनिटं | ६–८ मिनिटं | ४–५ मिनिटं | ६ मिनिटं |
| पंख्यापुढे | सरकते | हलत नाही | हलत नाही | डळमळते |
| कागद (जीएसएम) | १६०–२०० | १२०–१७० दुपदरी | १६०–२०० दुपदरी | २५०–३०० |
| साठवण | जागा खाते | कप्प्यांचा डबा लागतो | पाकिटात सपाट | पाकिटात सपाट |

कागद: जाड म्हणजे चांगला नव्हे

दुकानात गेल्यावर हात ३०० जीएसएमच्या कार्डाकडे जातो. चपट्या मिनीसाठी ते चूक आहे. दोन पदर चिकटल्यावर जाडी दुप्पट होते, कात्री अडते, काखेतला किंवा दोन पायांमधला कोपरा फाटतो. १६० ते १७० जीएसएमचे दोन पदर आणि मध्ये गोंदाचा थर, एवढ्याने तुकडा ताठ होतो. साधा ७५–८० जीएसएमचा झेरॉक्सचा कागद मात्र गोंदाच्या ओलाव्याने सुरकुततो, तो नकोच. ७५ मिमीहून उंच जीव असेल, ड्रॅगन किंवा राक्षस, तर जाड कागद न घेता दोन पदरांमध्ये ३०० जीएसएमचा तिसरा तुकडा घाला. तो कडेपेक्षा २ मिमी आत राहू द्या, म्हणजे कड जाड दिसत नाही.

कागदाच्या तंतूंना दिशा असते. पान दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा: ज्या बाजूने कमी जोर लागतो, त्या वाकाच्या रेषेला समांतर तंतू असतात. बहुतेक ए४ कागदात तंतू लांब बाजूला समांतर असतात. आपल्या पट्ट्याही लांब बाजूनेच लागतात, म्हणजे मिनी उभी केल्यावर तंतू उभे येतात. ती ताठ राहायला हे चांगलंच आहे. पण डोक्यावरची घडी तंतूंना आडवी पडते आणि तिथे शाई फुटून पांढरी रेघ दिसते. उपाय एकच: घडीच्या आधी स्टीलच्या पट्टीला लावून शाई संपलेलं बॉलपेन छापील बाजूने दाबून फिरवा. खोबण पडेल. घडी घालताना ती खोबण बाहेरच्या बाजूला राहू द्या.

छपाई घरी की दुकानात

घरच्या इंकटँक प्रिंटरवर रंग मऊ येतात, चुकलेलं पान लगेच पुन्हा काढता येतं आणि मागून कागद भरायची सोय असलेली बरीच यंत्रं २०० जीएसएमच्या पुढचा कागदही ओढतात. पण साध्या रंगद्रावाच्या शाईला पाण्याचं वावडं असतं. खेळताना ओला ग्लास टेकला, घामट बोट लागलं की चित्र पसरतं.

लेझरचा टोनर पाण्याला दाद देत नाही, रेषा धारदार येतात. घरगुती लेझर यंत्रं मात्र साधारण १६० जीएसएमच्या आसपास थांबतात, आणि उष्णतेने जाड कागद बाहेर येतानाच वाकतो. गुळगुळीत कागदावर टोनर वरच्या वर बसलेला असतो, म्हणून घडीवर तोच जास्त तडकतो.

डिजिटल छपाईचं दुकान हा तिसरा मार्ग. तिथली नेहमीची शीट १२ × १८ इंचाची असते आणि तिच्यावर दोन ए४ पानं शेजारी शेजारी कापायच्या जागेसह बसतात. म्हणजे १४ च्या जागी २८ तंबू, किंवा ४२ चपट्या मिनी, एका छपाईत. लग्नपत्रिकांची कामं करणाऱ्याकडे कार्डांचे नमुने हाताळून बघता येतात. चमकदार आर्ट कार्ड घेऊ नका. दिव्याखाली ते चकाकतं आणि पलीकडच्याला चित्राऐवजी उजेड दिसतो. बिनचमकेचं १७० जीएसएमचं मॅट मागा. ‘कसंही बसवा’ असं म्हणून फाइल दिली की दुकानदार ती हमखास लहान-मोठी करतो, तेव्हा ‘साइझ बदलायची नाही’ हे पानावरच लिहा.

पुढची-मागची बाजू दोन्हीकडून छापून घ्यायच्या फंदात पडू नका. दोन बाजूंच्या छपाईत मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक पडतोच, आणि बाह्याकृतीप्रमाणे कापायच्या मिनीत तेवढ्याने मागच्या बाजूचा हात उडतो. एकाच बाजूला छापून डोक्यावर घडी घालणं कधीही खात्रीचं. त्यासाठी पुढचं चित्र घडीच्या रेषेवरून उभं उलटवा, इंकस्केपमध्ये ‘व्ही’ कळ दाबली की होतं, आणि त्या आकृतीत पाठ रंगवा. चित्र १८० अंशांत फिरवलं तर दोन्ही बाजूंच्या कडा जुळत नाहीत: पुढे तलवार डावीकडे आणि मागचा कागद उजवीकडे बाहेर आलेला.

घरी एखाद-दोन पानं लागणार असतील तर घरचा प्रिंटर. तीनपेक्षा जास्त पानं एकदम करायची असतील तर दुकान स्वस्त पडतं आणि रंगही सगळीकडे सारखे येतात.

गोंद, कड आणि पावसाळा

पांढरा फेविकॉल पक्का चिकटतो, पण त्यात पाणी असतं. ब्रशने थेट फासला तर कागद फुगतो आणि वाळताना मिनी पोह्याच्या पापडासारखी वळते. जुन्या एटीएम कार्डाने अगदी पातळ थर ओढून घ्या, दोन पदर जुळवा आणि जाड पुस्तकांखाली किमान अर्धा तास ठेवा. इंकजेटच्या छपाईला पहिले काही तास गोंद दाखवूच नका, शाई पूर्ण वाळू द्या. ग्लू स्टिक कमी ओली असते, कागद वळत नाही, पण कडा वर्षाच्या आत सुटायला लागतात, विशेषतः जिथे ती कडेपर्यंत पोचलेली नसते. रबर सोल्युशनमध्ये पाणी नाही: दोन्ही बाजूंना लावा, पाच ते दहा मिनिटं थांबा, मग एकदाच नेमकं जुळवून दाबा. वास उग्र असतो, खिडकी उघडी ठेवा, आणि एकदा टेकलं की सरकत नाही. घडी आधीच घातलेली असल्यामुळे जुळवणी आपोआप होते, म्हणून चपट्या मिनीला हाच गोंद सर्वांत योग्य. वायसरला कागदी गोंद धरत नाही, तिथेही रबर सोल्युशनच.

चिकटवून, वाळवून, मग बाहेरचा आकार कापा. आधी कापून मग चिकटवलं तर कडा कधीच जुळत नाहीत. चित्राभोवती २ मिमीची काळी किंवा गडद करडी कड सोडा. भाल्याचं टोक आणि धनुष्याची दोरी त्या कडेत सामावून जाते आणि तुटत नाही. ९ मिमीचं कटर आतल्या कोपऱ्यांसाठी, कात्री बाहेरच्या वळणांसाठी. कात्री एका जागी ठेवून कागद फिरवायचा.

कापल्यावर दिसणारी पांढरी धार काळ्या स्केचपेनने रंगवा, पेन आडवं धरून. परमनंट मार्कर नको. त्याची शाई तंतूंमधून आत झिरपते आणि खलनायकाच्या गालावर काळा डाग उमटतो. या एका कामाने मिनी जितकी नेटकी दिसते तितकी महागड्या कागदानेही दिसत नाही.

इंकजेटच्या मिनीवर मॅट अॅक्रिलिक स्प्रेचा पातळ हात द्या, ३० सेंमी अंतरावरून, दोन वेळा. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात हे काम पावसाळ्याआधी उरकून घ्या. हवेत ओलावा जास्त असला की स्प्रे वाळताना दुधाळ पांढरा पडतो.

सप्लिमेंट: पुस्तिका, मिनी-झीन की कार्डं

मिनी ज्या साहसासाठी बनवायच्या, ते साहस कागदावर कसं उतरवायचं यातही तीन वाटा आहेत.

आठपानी मिनी-झीन, म्हणजे इवलीशी घडीची पुस्तिका, एका ए४ पानातून निघते: तीन घड्या, मधोमध एक काप. प्रत्येक पान ७४ × १०५ मिमी. एका गुहेची माहिती, चार खोल्या, एक जादूची वस्तू, बस. मराठी मजकुराला इथे जागा अपुरी पडते. देवनागरीत वर-खाली मात्रा आणि उकार असतात, त्यामुळे ९ पॉइंटच्या खाली वाचणं त्रासाचं होतं. शब्दही लांब, म्हणून दोन्ही कडा समान करायला गेलात तर शब्दांत भगदाडं पडतात. मजकूर डाव्या कडेला लावलेलाच बरा.

ए५ पुस्तिका ही खरी सप्लिमेंट. पानं चारच्या पटीतच: ८, १२, १६. सोळा पानांना ए४ चे चार कागद. अक्षर १०.५ ते ११ पॉइंट, ओळींमधलं अंतर १५ ते १६. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी हे मोफत, खुल्या परवान्याचे टाइप यासाठी चांगले. दुकानात वर्डची फाइल देऊ नका. त्यांच्या संगणकावर तो टाइप नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि रफार भलत्याच अक्षरावर जातो. टाइप आत बसवलेली पीडीएफ द्या. सोळा पानांना साधा स्टेपलर चालतो: पुस्तिका उघडी करून खाली थर्मोकोल ठेवा, स्टेपलर उघडून पिन घडीवर मारा, पुस्तिका उलटवून पिनेचे पाय पट्टीने दुमडा. चाळीस पानांच्या पुढे आतली पानं बाहेर सरकतात, तेव्हा छाटणी दुकानातच करून घ्या.

तिसरी वाट ३ × ५ इंचाच्या कार्डांची. एका कार्डावर एक शत्रू: आर्मर क्लास (त्याला मार लागणं किती अवघड), हिट पॉइंट (तो किती मार सोसतो), दोन हल्ले, एक सवय. खेळ चालू असताना डीएमला पुस्तिका चाळायला वेळ नसतो. शत्रूंची आकडेवारी पुस्तिकेत न घालता कार्डांवर टाका आणि कार्डाचा क्रमांक मिनीच्या खालच्या चकतीवर लिहा. चौथ्या गॉब्लिनला बाण लागला की कार्ड क्रमांक ४ वर खूण. पुस्तिकेत गोष्ट, नकाशा आणि खोल्या तेवढ्या राहतात आणि ती १२ पानांत आटोपते. मिनींची पानं पुस्तिकेत शिवू नका. कापायला घेतलं की मागच्या पानावरचा मजकूरही जातो. ती वेगळी फाइल ठेवा.

पुस्तिका मित्रांपलीकडे वाटायची किंवा विकायची असेल तर नियम कुठून घेतले ते महत्त्वाचं ठरतं. डंजन्स अँड ड्रॅगन्सचा सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१, म्हणजे मूळ नियमांचा दस्तऐवज, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स ४.० च्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुला आहे. त्यातलं काहीही भाषांतर करून, बदलून, विकूनही वापरता येतं, फक्त दिलेली श्रेयाची ओळ छापावी लागते. बिहोल्डर किंवा माइंड फ्लेअर या राक्षसांची आकडेवारी त्यात नाही, ते घेऊ नका. चित्रांच्या बाबतीत भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं खुली आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्याकडच्या खुल्या चित्रांच्या प्रतिमा मुक्त केल्या आहेत, त्यात चिलखतं आणि शस्त्रं भरपूर. सावंतवाडीचे गंजिफा पत्ते किंवा पिंगुळीची चित्रकथीची चित्रं यांची शैली मिनीला फार शोभते, कारण तिथे आकृती ठसठशीत आणि कड स्पष्ट असते. अभ्यास जरूर करा, पण आज काम करणाऱ्या कलाकाराचं चित्र विचारल्याशिवाय उचलू नका.

मग निवड कशी करायची

येत्या रविवारी खेळ आहे आणि हातात एक संध्याकाळ आहे, तर तंबू. खेळाडूंची पात्रं आणि खलनायक वायसरवर, बाकीचे शत्रू क्लिपवर, फौजा टोकनांवर, ही मिसळ दीर्घ मोहिमेसाठी सर्वांत सोयीची. शाळेतल्या मुलांबरोबर खेळणार असाल तर क्लिपचे कान काढू नका. मिनी जरा बोजड दिसेल, पण मुलं ती स्वतः लावतील आणि काढतील.

साठवताना गोल पायाच्या मिनी कप्प्यांच्या प्लास्टिकच्या डब्यात उभ्या ठेवा. चपट्या मिनी झिपच्या पिशवीत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, सिलिका जेलच्या पुडीसह. तंबू सपाट ठेवायचे असतील तर ८ मिमीच्या कडेला गोंद न लावता तिला जीभ करा आणि समोरच्या तळाशी काप देऊन त्यात अडकवा. ती जीभ २५ न ठेवता १६ मिमी रुंद ठेवा आणि काप १७ मिमीचा.